क्लिपबोर्डच्या मागून

न्यू जर्सीत फुटबॉल खेळणारं मूल घरात असलं, की ते नववीत गेल्यापासून त्या घरी कॉलेजांचे ईमेल यायला लागतात. वर विद्यापीठाचं बोधचिन्ह, खाली हेड कोचची सही, आणि मधे थोड्याफार फरकाने एकच मजकूर: आमच्या उन्हाळी आयडी कॅम्पला तुम्ही यावं अशी आमची इच्छा आहे. आयडी म्हणजे आयडेंटिफिकेशन. कॉलेजच्या टीमसाठी शाळकरी खेळाडू हेरायचा हा कॅम्प. आईवडील हरखतात, ईमेल पुण्या-सांगलीच्या आजी-आजोबांपर्यंत पोचतो. त्यातले बरेच फिरत फिरत माझ्याकडेही येतात, कारण मराठी मंडळात मी 'फुटबॉलवाले काका' आहे. खाली प्रश्न ठरलेला: "काका, हे खरं असतं ना?"

खरं असतं. फक्त तो ईमेल कॉलेजच्या यादीतल्या झाडून सगळ्या पत्त्यांवर गेलेला असतो. कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएचा नियमच आहे की असा कॅम्प कुणालाही खुला असला पाहिजे. जागा किती, वय काय, इयत्ता कोणती आणि मुलगे की मुली, एवढ्याच अटी घालता येतात. तेव्हा 'निवडक निमंत्रितांचा' कॅम्प नियमात बसतच नाही. हे सांगितलं की समोरचा जरा गप्प होतो आणि मग विचारतो, "तरीपण पाठवावं का?" हा प्रश्न बरोबर आहे, पण त्याचं उत्तर एका वाक्यात देण्यासारखं नाही.

मी दिवसा सॉफ्टवेअरची नोकरी करतो, संध्याकाळी एका क्लबच्या मुलांना शिकवतो आणि उन्हाळ्यात अशा कॅम्पांत स्टाफ कोच म्हणून जातो. मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींच्या टीमचे सामने पाहत वाढलो. तिथे पोरगं तालमीच्या टीममध्ये येईपर्यंत पेठेतल्या जाणत्यांनी त्याला सात-आठ वर्षं पाहिलेलं असायचं. ते चिडकं आहे का, हरल्यावर कुणावर खापर फोडतं, चिखलात अंग टाकतं का, सगळं ठाऊक. निवडीसाठी म्हणून वेगळा दिवस नसायचा. इथे त्याच प्रश्नांची उत्तरं दोन दिवसांत काढायची असतात, तीही पाठीवर नंबर लावलेल्या अनोळखी मुलांकडून. ती निघत नाहीत. कॅम्प चालवणाऱ्या कुठल्याही कोचला हे ठाऊक असतं, आणि कॅम्पची सगळी रचना त्या अडचणीला वळसा घालूनच केलेली असते.

मुलं नोंदणीच्या रांगेत उभी असतात तेव्हा आत आमची बैठक चालू असते. सगळ्यांच्या हातात क्लिपबोर्ड, त्यावर नावं, नंबर, शाळेचं शेवटचं वर्ष आणि खेळायच्या दोन जागा. हेड कोचच्या कागदावर काही नावांपुढे आधीच खूण केलेली असते. ही मुलं त्याने किंवा त्याच्या असिस्टंटने एमएलएस नेक्स्ट किंवा ईसीएनएल या शाळकरी मुलांच्या मोठ्या लीगच्या सामन्यांत पाहिलेली असतात, त्यांचे व्हिडिओ मागवलेले असतात, काहींच्या क्लब कोचला फोनही झालेले असतात. कॅम्प त्यांची खातरजमा करण्यासाठी असतो. व्हिडिओत दिसणारा वेग खरा आहे का? वीस मिनिटं बॉलच मिळाला नाही तर हा मुलगा काय करतो? सांगितलेलं ऐकतो का? उरलेली मुलं मैदान भरण्यासाठी असतात, असं म्हणणं दुष्टपणाचं होईल. पण बावीस जणांशिवाय खूण केलेल्या चौघांना पाहता येत नाही, हेही खरं आहे.

हे ऐकून लोक लगेच म्हणतात, म्हणजे धंदाच झाला की! धंदा आहेच. एका दिवसाचे दोनशे डॉलर सहज होतात, डॉर्ममध्ये राहून दोन-तीन दिवसांचा कॅम्प असेल तर आकडा बराच वर जातो. कितीतरी ठिकाणी कॅम्प ही हेड कोचची स्वतःची वेगळी कंपनी असते आणि मैदान विद्यापीठाकडून भाड्याने घेतलेलं असतं. पण या पैशांतून चूल कुणाची पेटते तेही पाहायला हवं. 2023 च्या जुलैपर्यंत एनसीएएच्या तीन स्तरांतल्या सर्वांत वरच्या, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये 'व्हॉलंटिअर कोच' नावाची एक जागा नियमानेच असायची. काम पूर्णवेळ, पगार शून्य. हे लोक कॅम्पवर आणि खाजगी शिकवण्यांवर जगायचे. असा एक तरुण माझ्याच मैदानावर होता. रात्री मुलं झोपली की तो डॉर्मच्या जिन्यात बसून दुसऱ्या दिवशीच्या सरावाची आखणी करायचा आणि पहाटे गोलपोस्ट ओढायलाही तोच. कॅम्पला सरसकट लूट म्हणताना मला तो आठवतो. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे: नववीतल्या पोराला 'आम्ही तुझ्या प्रगतीवर लक्ष ठेवून आहोत' असं लिहिणाऱ्या ईमेलवर. त्याचं नावही न वाचता पाठवलेलं ते वाक्य त्याची आई खरं धरते.

मैदानावर पहिला तास बॉलशी ओळख आणि रोंडो. चार-पाच जण गोल उभे, मधे दोघे, बाहेरच्यांनी बॉल फिरवत ठेवायचा. मुलांना हा वेळकाढूपणा वाटतो. ती मॅचची वाट पाहत असतात. स्टाफ मात्र इथेच सगळ्यांत जास्त लिहितो. बॉल येण्याआधी मुलाने मान वळवून मागे पाहिलं का? पहिला स्पर्श बॉलला मोकळ्या बाजूला नेतो की पायाखाली अडकवतो? पास चुकल्यावर तो स्वतः मधे धावत जातो की कुणी ढकलेपर्यंत थांबतो? यातल्या पहिल्या दोन गोष्टी सतरा वर्षांच्या मुलाला दोन दिवसांत शिकवता येत नाहीत, म्हणून त्या लिहून ठेवायच्या. तिसरी गोष्ट स्वभावाची.

मग चार विरुद्ध चार, सात विरुद्ध सात आणि शेवटी पुरती अकराची मॅच. इथे कॅम्पचा मोठा दोष उघडा पडतो. एकमेकांना न ओळखणाऱ्या अकरा मुलांची टीम, आणि प्रत्येकाला स्वतःला दाखवायचं आहे. पास कोण देणार? विंगर बॉल मिळाला की तिघांना चकवायला जातो, दोघांना चकवतो, तिसऱ्याकडे बॉल घालवतो आणि मान खाली घालून परत फिरतो. बाहेर खुर्चीत बसलेला त्याचा बाप टाळ्या वाजवत असतो. आमच्यापैकी कुणाचंही पेन हललेलं नसतं. दोघांना चकवणारी मुलं प्रत्येक क्लबात आहेत, आणि कॉलेजच्या टीममधला झाडून प्रत्येक जण आपापल्या क्लबातला तोच हिरो होता. कागदावर नोंद होते ती पुढच्या पाच सेकंदांची, बॉल गेल्यावर तो पळाला का याची.

गंमत अशी की या स्वार्थी खेळात बचावपटू आणि मधल्या फळीत मागे राहणारे खेळाडू उठून दिसतात. सगळे पुढे धावत असताना मागे रान मोकळं पडतं आणि ते झाकणारा एकटाच असतो. एका उन्हाळ्यात असाच एक डावखुरा, म्हणजे डाव्या पायाचा, सेंटर बॅक होता. कुणाच्याच यादीत खूण नसलेला. लहानशा गावातल्या शाळेचा, मोठ्या लीगमध्ये कधी न खेळलेला. उंची बेताचीच. पण विंगरने बॉल घालवला की हा आधीच तिथे उभा, आणि डाव्या पायाने तिरका लांब पास थेट उजव्या टोकाला. दुपारच्या जेवणाला हेड कोचने मला विचारलं, तो कोण? डावा सेंटर बॅक मिळणं फार अवघड असतं, त्यामुळे त्याचं नाव यादीत चढलं. असं घडतं. क्वचित घडतं, आणि कॅम्पच्या जाहिराती त्या क्वचितवरच चालतात.

जागेची गोष्ट आणखी वेगळी. अर्जात पोराने 'स्ट्रायकर, विंगर' लिहिलेलं असतं. अर्ध्या कॅम्पने तेच लिहिलेलं असतं. अकराची मॅच लावताना लेफ्ट बॅक कमी पडतात, मग कुणाला तरी तिथे पाठवावं लागतं. काही पोरं तोंड पाडतात, आणि ते तोंड लांबून दिसतं. आपली जागा नाही म्हणून आपलं मूल्यमापन वाया गेलं, असं त्यांना वाटतं. वास्तविक कोचच्या दृष्टीने ही फुकटात मिळालेली परीक्षा असते. कॉलेजात गेल्यावर बहुतेकांची जागा बदलतेच.

एका बाबतीत माझं बाकीच्या स्टाफशी पटत नाही. त्यांच्या कागदावर 'बोलतो' हा शेरा फार वजनदार असतो. मैदानावर मोठ्याने 'मागे माणूस आहे', 'वळ', 'वेळ आहे' असं ओरडणारा मुलगा म्हणजे नेतृत्व. आपल्याकडची, आणि एकूणच आशियाई घरांतली, पुष्कळ मुलं मैदानावर गप्प असतात. अनोळखी, वयाने मोठ्या मुलावर ओरडणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं नसतं. खेळात बोलणं लागतं हे मला मान्य आहे. माझ्या क्लबच्या पोरांकडून मी ते घोटवून घेतो. पण पहिल्या दिवशी पहिल्या तासात सगळ्यांत मोठा आवाज असलेला मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी कुठे असतो, हे मी बरेचदा पाहिलंय. शांत मुलगा सतत योग्य जागी उभा राहत असेल, तर तेही बोलणंच आहे. बैठकीत मी हे मांडतो. कधी ऐकतात, कधी हसतात.

दुपारी दोननंतर कृत्रिम हिरवळ इतकी तापते की बुटाच्या तळव्यातून चटका कळतो. पूर्व किनाऱ्यावरचा उन्हाळा असल्यामुळे चार-पाचच्या सुमाराला ढग येतात. गडगडाट ऐकू आला की खेळ बंद, सगळे आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पाऊल टाकायचं नाही. पुन्हा गडगडलं की तीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. पालक गाडीत बसून घड्याळाकडे पाहत वैतागतात, पैसे वाया चालले म्हणून. आत जिममध्ये मात्र कॅम्पमधली सगळ्यांत कामाची माहिती मिळत असते. कोण फोनमध्ये डोकं घालून बसलाय, एकट्या बसलेल्या गोलकीपरजवळ कोण जाऊन बसलं, ट्रेनर बर्फाची पिशवी शोधतेय तेव्हा कोण उठलं. कॉलेजचे सध्याचे खेळाडू कॅम्पमध्ये काउन्सेलर म्हणून असतात, आणि रात्री हेड कोच त्यांनाच विचारतो, "यातल्या कुणाबरोबर तुम्ही चार वर्षं एका ड्रेसिंग रूममध्ये काढाल?" पेठेतल्या जाणत्यांचा प्रश्न तो हाच.

संध्याकाळी वर्गात बसवून नियम सांगतात. हा तास मुलांसाठी असला तरी मागच्या बाकांवर पालकच जास्त असतात. डिव्हिजन वनचे कोच दहावी संपल्यानंतरच्या 15 जूनपर्यंत मुलाशी भरतीबद्दल अवाक्षर बोलू शकत नाहीत, स्वतःच्या कॅम्पवरसुद्धा नाही. 2019 मध्ये हा नियम कडक केला, कारण त्याआधी, विशेषतः मुलींच्या फुटबॉलमध्ये, आठवी-नववीतल्या मुली कॉलेजांना तोंडी होकार देऊन मोकळ्या होत होत्या. त्यामुळे नववीतल्या मुलाला कोच 'छान खेळलास, आल्याबद्दल आभार' एवढंच म्हणतो. वडील गाडीत त्या वाक्याचा कीस पाडतात.

मग पैशांचा विषय निघतो आणि वर्गातली हवा बदलते. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगची कॉलेजं खेळासाठी म्हणून स्कॉलरशिप देतच नाहीत. मदत मिळते ती घरची गरज पाहून, आणि डिव्हिजन थ्रीच्या बऱ्याच कॉलेजांत मार्कांवरही. डिव्हिजन वनमध्ये मुलांच्या टीमला वर्षानुवर्षं 9.9 स्कॉलरशिपांची मर्यादा होती, मुलींना 14. त्या 9.9 चे तुकडे करून पंचवीस-तीस मुलांत वाटायचे. कुणाला पुस्तकांचे पैसे, कुणाला अर्धी फी. 2025 च्या जूनमध्ये कॉलेज-खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या हाउस खटल्यातल्या तडजोडीला न्यायालयाने मान्यता दिली आणि ज्या कॉलेजांनी ती नवी व्यवस्था पत्करली तिथे स्कॉलरशिपांच्या आकड्याची मर्यादा गेली, त्याजागी टीमच्या संख्येवर मर्यादा आली: फुटबॉलला 28. पालकांना वाटलं, आता पूर्ण स्कॉलरशिपा वाटतील. कॉलेजच्या तिजोरीत तेवढी भर कुठून पडणार? घडलं ते असं की शेवटच्या चार-पाच जागांवर जी मुलं फुकट, हौसेने, पण टीमचा भाग म्हणून असायची, त्यांच्यासाठी दारं आक्रसली. कॅम्पमधून सरळ आत शिरण्याची जी काही फट होती ती बहुतेक याच जागांची होती.

त्यात 2018 पासून ट्रान्सफर पोर्टल. दुसऱ्या कॉलेजात दोन वर्षं खेळून तयार झालेला खेळाडू नाव नोंदवतो आणि कोच त्याला उचलतो. आणि मुलांच्या फुटबॉलमध्ये परदेशी खेळाडू. वेस्ट व्हर्जिनियाच्या मार्शल विद्यापीठाने 2020 च्या हंगामाचं, कोविडमुळे 2021 च्या मे महिन्यात झालेलं, राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं ते मुख्यतः परदेशी खेळाडूंच्या बळावर, आणि तेव्हापासून बाकीच्यांनीही तो कित्ता जोरात गिरवला. म्हणजे आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या सतरा वर्षांच्या मुलाची स्पर्धा पलीकडच्या क्लबातल्या मुलाशी राहिलेली नाही. युरोपातल्या अकादमीतून बाहेर पडलेल्या वीस वर्षांच्या गड्याशी ती आहे. हे मी पालकांना सांगतो तेव्हा मी त्यांना नाउमेद करतोय असं त्यांना वाटतं.

मंडळातल्या एका घरचा मुलगा अशाच एका कॅम्पला आला होता, अकरावी संपवून. राइट बॅक. त्याच्या कागदावर मी काही लिहिणार नाही, हे मी बैठकीत आधीच सांगून टाकलं होतं. कॅम्पस दाखवायला हेड कोच मुलांना घेऊन निघाला, तेव्हा बाकीची पोरं त्याच्या शेजारी चालायला धडपडत होती, हा मागून येत होता. ग्रंथालयापाशी थांबल्यावर याने विचारलं, "सध्या टीममध्ये राइट बॅक किती आहेत, आणि कोणत्या वर्षाला?" कोच थबकला, पण उत्तर सरळ दिलं. दोघं आहेत, दोघांनाही अजून दोन-दोन वर्षं आहेत, आणि तिसरा लागला तर पोर्टलमधून घेऊ. मुलगा "थँक यू, कोच" म्हणाला. जेवताना माझ्याशेजारी येऊन बसला. "काका, म्हणजे इथे आपलं काम नाही." त्याच्या आवाजात रडगाणं नव्हतं, बसचं वेळापत्रक वाचून दाखवावं तसं त्याने ते सांगितलं.

आणि मग तो ओळखी काढू लागला. कॅम्पच्या स्टाफमध्ये यजमान कॉलेजचे मोजकेच लोक असतात. बाकी आम्ही क्लबवाले, आणि डिव्हिजन टू, डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजांचे कोच. हे शेवटचे लोक येतात ते थोड्या मानधनासाठी, आणि यजमानाला नको असलेली चांगली मुलं आपल्याला मिळतील म्हणूनही. मुलं त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. सगळ्यांचे डोळे एकाच टोपीवर, यजमान हेड कोचच्या. खरं तर मैदान क्रमांक तीनवर शिट्टी वाजवणारा माणूसच तुम्हाला पुढची चार वर्षं खेळवू शकतो. डिव्हिजन थ्रीच्या कोचला फोन-ईमेलवर बोलायला त्या 15 जूनची आडकाठीही नाही. आमच्या राइट बॅकने त्यातल्या दोघांना गाठून विचारलं, तुमच्याकडे इंजिनिअरिंग करून सकाळचा सराव जमतो का, लॅब दुपारी असते का, बाहेरगावच्या मॅचला परीक्षा चुकली तर प्राध्यापक काय म्हणतात. दुसऱ्या दिवशी तो मोकळेपणाने खेळला. गेल्या हिवाळ्यात भेटला तेव्हा त्यातल्याच एका कॉलेजात होता. पहिल्या वर्षी बराचसा बाकावर. तक्रार होती ती कॅफेटेरियाच्या भाताबद्दल.

कॅम्प संपताना प्रत्येक मुलाला मूल्यमापनाचा कागद द्यावा लागतो, आणि हे काम मला सगळ्यांत जड जातं. रकाने छापील, पाचपैकी गुण, खाली दोन ओळींची जागा. 'मेहनत घेत राहा' असं लिहिलं तर ते कुणालाही लागू पडतं. म्हणून मी एकच खरी गोष्ट लिहायची ठरवली आहे: डावीकडून बॉल आला की तू मागे पाहत नाहीस. मुलांना ते आवडतं. पालकांना नाही, कारण त्यात डिव्हिजनचं नाव नसतं. एका बाईंनी मला पार्किंगमध्ये गाठून विचारलं होतं, "पण हा वन आहे की टू?" मी म्हटलं, तो अजून दहावीत आहे.

मला विचाराल तर ज्या कॉलेजात मुलाला फुटबॉल नसतानाही शिकायला आवडेल अशी दोन-तीन निवडावीत. कोचला मुलाने स्वतः, बापाने नव्हे, ईमेल लिहावा. सोबत पूर्ण मॅचचा व्हिडिओ, कारण गोलांचे तुकडे जोडलेला व्हिडिओ सगळेच पाठवतात. उत्तर आलं, त्यात मुलाच्या खेळातली एखादी नेमकी गोष्ट असली, तर अकरावीच्या उन्हाळ्यात तिथल्या कॅम्पला जावं. उत्तर नाही आलं तर त्या पैशांत वर्षभराचे बूट येतात.

त्या राइट बॅकचे वडील परवा मंडळाच्या कार्यक्रमात भेटले. धाकटा आता नववीत आहे, बरा खेळतो. मी वरचं सगळं त्यांना पुन्हा ऐकवलं; मोठ्याच्या वेळी त्यांनी ते अनुभवलंही होतं. ते मान डोलवत होते, मधे मधे "बरोबर आहे, अगदी बरोबर" म्हणत होते. मी विचारलं, मग धाकट्याचं काय ठरवलंय? त्यांनी खिशातून फोन काढून ईमेल दाखवला, 'आम्ही तुझ्या प्रगतीवर लक्ष ठेवून आहोत'वाला. फी भरल्याची पावती त्याच्याच खाली होती.